विधवांचं ताट आणि सात कारभारी

आमच्या डिकनपदाचा जन्म जेवणावरच्या भांडणातून झाला. यरुशलेमातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत गरिबांना रोज अन्न वाटलं जाई. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर सुरू केली, की वाटपात आमच्या विधवांना डावलतात, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांचं ताट मात्र वेळेवर येतं. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात हे काहीही न लपवता लिहिलेलं आहे. प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटपाचा सगळा कारभार त्यांच्या हाती सोपवला. त्यांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांची ओरड होती त्यांच्याच हातात पळी! उभी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरमागे काढलेल्या माझ्यासारख्याला हा निर्णय फार पटतो.

‘कृत्ये’ लिहिणाऱ्या ल्यूकने या सातांना डिकन म्हटलेलं नाही, असं विद्वान बजावतात. बजावू देत. दुसऱ्या शतकात बिशप इरेनियसने स्तेफनला पहिला डिकन म्हटलं आणि ख्रिस्तसभेने ते कायमचं धरलं. पळी हातात घेतलेले हे लोक वाढप्याच्या कामापुरते राहिलेच नाहीत. स्तेफन वाद घालता घालता दगडांच्या माऱ्याखाली मेला. फिलिप गाझाच्या रस्त्यावर एका रथापाशी धावत गेला. त्या रथात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार बसला होता, मांडीवर यशयाचं पुस्तक घेऊन. फिलिपने वाटेतच पाणी पाहून त्याला बाप्तिस्मा दिला. हा प्रसंग बँकेतल्या प्रत्येक ख्रिस्ती कर्मचाऱ्याने चौकटीत घालून लावावा.

मी मुंबई आर्चडायोसिसमधला विवाहित डिकन. आजोळ उत्तनचं, त्यामुळे तिकडच्या मर्तिकांना अधूनमधून जाणं होतं. अंगात पांढरा झगा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे तिरकी गेलेली स्टोल. दफनविधी आटोपला की रिक्षा बघायला आमची ही पुढे होते, आणि मग कुजबुज सुरू होते. एका म्हाताऱ्या मावशीने तर सरळच विचारलं, ‘पाद्री, ही बाय तुमची कोन?’

‘बायको.’

‘मंग तुमी पाद्री नाय.’

‘नाय.’

‘मंग कोन?’

मावशीला मी कायद्यातलं उत्तर दिलं. बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, दफन करू शकतो, मिस्सात शुभवर्तमान वाचू शकतो, प्रवचन करू शकतो. मिस्सा अर्पण करता येत नाही, पापनिवेदन ऐकता येत नाही, आजाऱ्याला तैलाभ्यंग करता येत नाही. मावशीचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही होत नाही, कारण काय चालतं आणि काय चालत नाही या यादीतून माणूस कळत नाही. त्यासाठी जुन्या वह्या काढाव्या लागतात.

त्यातली मला सगळ्यात प्रिय वही रोमची आहे. २५१ साली रोमचे बिशप कॉर्नेलियस यांनी अंत्युखियाच्या बिशपांना एक पत्र पाठवलं आणि त्यात आपल्या शहरातल्या मंडळीचा ताळेबंद दिला. इतिहासकार युसेबियसने तो जपून ठेवला म्हणून आपल्यापर्यंत आला. धर्मगुरू ४६, डिकन ७, उपडिकन ७, अकोलाइट ४२, भूत उतरवणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२. आणि मंडळीच्या पैशावर पोसल्या जाणाऱ्या विधवा व गरजू १५०० हून जास्त. धर्मगुरू पन्नाशीला टेकले तरी डिकन सातच, कारण यरुशलेमात सात होते. शहराचे सात भाग पाडून एकेक भाग एकेका डिकनाकडे दिलेला. भागाकार करून पाहा: एका डिकनामागे दोनशेच्या वर तोंडं. नावं, पत्ते, कोण आजारी, कोण मेलं, कोणाचा मुलगा तुरुंगात, हे सगळं त्याला पाठ असणार. त्यामुळे बिशप वारले की लोकांची नजर बऱ्याचदा धर्मगुरूंवरून सरकून डिकनाकडे जाई. पहिले लिओ ४४० मध्ये पोप म्हणून निवडले गेले तेव्हा डिकनच होते, आणि ५९० मध्ये थोरले ग्रेगरीसुद्धा.

कॉर्नेलियसच्या पत्रानंतर सात वर्षांनी, २५८ साली, सम्राट व्हॅलेरियनच्या हुकमाने रोमचे बिशप दुसरे सिक्स्टस यांना भुयारी दफनभूमीत पकडून मारलं. तारीख ६ ऑगस्ट. त्यांच्याबरोबर चार डिकनही मारले गेले, असं कार्थेजच्या सिप्रियनने त्याच महिन्यात लिहिलं आहे. १० ऑगस्टला लॉरेन्स या डिकनाची पाळी आली. मंडळीचा पैसा त्याच्याकडे होता आणि अधिकाऱ्यांना तो हवा होता. लॉरेन्सने मुदत मागितली, होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि ठरल्या दिवशी लंगडे, आंधळे, भिकारी घेऊन हजर झाला: हा घ्या खजिना. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी ही गोष्ट शंभरावर वर्षांनी लिहिली. पुढे लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजल्याची कथा चिकटली. त्या छळात धर्माधिकाऱ्यांना तलवारीने मारत, म्हणून जाळी मागाहून आली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे आणि मला तो पटतो. खजिन्याच्या गोष्टीचं मात्र मला नवल वाटत नाही. ज्याच्या वहीत दोनशे नावं आहेत, त्याला दुसरा कुठला खजिना दाखवता येणार?

हा लॉरेन्स आपल्या किनाऱ्यावरही येऊन राहिला आहे. गोव्यात सिकेरीला, मांडवीच्या मुखापाशी, त्याचं चर्च आहे आणि १० ऑगस्टचं फेस्त म्हणजे पावसाळ्यात बंद पडलेली खाडीची वाट जहाजांना पुन्हा मोकळी झाल्याची खूण, अशी जुनी समजूत. आमच्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमाही त्याच सुमारास येते. दर्याला दोन्हीकडचं चालतं. तिसवाडीतल्या जुवे बेटाला तर सांत इस्तेव्ह, म्हणजे स्तेफन, याचंच नाव पडलेलं. पण फेस्ताच्या गर्दीत विचारून पाहा, हे दोघे संत कोण होते? हुतात्मे, असं उत्तर येईल. ते डिकन होते हे सांगणारा विरळा.

पैशाच्या विश्वासाची आणखी एक गोष्ट सांगतो, सीरियातली. एफ्रेम हा निसिबिसचा डिकन, थोर कवी. स्त्रियांच्या गायनवृंदांसाठी त्याने कवनं रचली आणि सुरियानी चर्चमध्ये ती आजही गातात. निसिबिस इराणच्या ताब्यात गेल्यावर तो एडेसाला आला. तिथे मोठा दुष्काळ पडला. श्रीमंतांची कोठारं भरलेली होती. त्यांचं म्हणणं, द्यायला आमची ना नाही, पण द्यायचं कोणाच्या हातात? सगळे खाणारे. एफ्रेम म्हणाला, मी कसा वाटतो? त्याच्यावर कोणाला संशय घेता येईना. त्याने पैसे घेतले, रस्त्याकडेच्या ओसऱ्यांमध्ये सुमारे ३०० खाटा टाकल्या, उपाशी आणि आजारी लोकांना तिथे ठेवलं, मेलेल्यांना मूठमाती दिली. सोझोमेन या इतिहासकाराने हे नोंदवलं आहे. दुष्काळ सरला, एफ्रेम आपल्या खोलीत परतला आणि थोड्याच दिवसांत, ३७३ मध्ये, वारला. कवी म्हणून त्याला मान मिळाला तो मिळालाच. पण श्रीमंतांनी ज्याच्या हाती रोकड दिली असा कवी मला दुसरा माहीत नाही.

बायकांचं काय? तिसऱ्या शतकात सीरियातच लिहिल्या गेलेल्या ‘दिदास्कालिया’ या नियमग्रंथात डिकनांबरोबर डिकन स्त्रियाही आहेत. ज्या घरांत परक्या पुरुषाला पाऊल टाकता येत नसे तिथल्या आजारी बायकांकडे त्या जात, बाप्तिस्म्याच्या वेळी स्त्रियांच्या अंगाला तेल लावत. त्याआधीची, किंख्रियाच्या मंडळीतली फीबी, पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात भेटते. कॉन्स्टँटिनोपलची ऑलिम्पियास हीदेखील डिकन होती. गडगंज घरातली विधवा, आणि सारी दौलत तिने दानात घातली. त्यांची दीक्षा पुरुष डिकनांसारखीच होती का, यावर वाद आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये त्यासाठी अभ्यास आयोग नेमले. मी काही धर्मशास्त्रज्ञ नाही. पण माझ्या भागात आजाऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जिने चढणाऱ्यांत बायकाच जास्त दिसतात, एवढं मी डोळ्यांनी पाहतो.

‘दिदास्कालिया’तली एक तरतूद मला प्रत्येक रविवारी आठवते. कोणी ऐटदार पाहुणा उशिरा आला तर बिशपने वाचन थांबवायचं नाही. पण कोणी गरीब म्हातारं माणूस आलं आणि जागा नसेल, तर त्याच्यासाठी जागा करायची, मग बिशपला स्वतः जमिनीवर बसावं लागलं तरी बेहत्तर. आणि दाराशी उभं राहून कोण येतं, कोण कुठे बसतं, हे पाहायचं काम डिकनाचं. आमच्या देवळात पहिल्या दोन बाकांवर अजूनही ‘राखीव’ची पाटी लागते.

मग हे पद ओसरलं कसं? माझं उत्तर एका शब्दात: मानपान. वही हातात असलेला माणूस हळूहळू वहीचा मालक होतो. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेचा अठरावा नियम वाचून मला हसू आवरत नाही. काही ठिकाणी डिकन धर्मगुरूंनाच कम्युनियन देतात, काही तर बिशपच्याही आधी घेतात, धर्मगुरूंच्या रांगेत जाऊन बसतात. हे सगळं बंद! असा नियम करावा लागला, म्हणजे प्रकार सर्रास चालू असणार. शतकाच्या अखेरीस संत जेरोमनेही एका पत्रात रोमच्या डिकनांच्या आगाऊपणावर सडकून टीका केली आहे. सात जणांच्या हाती सगळा पैसा, मग दुसरं काय होणार! तिकडे मठ निघाले, रुग्णालयं निघाली, गरिबांचा कारभार त्यांच्याकडे गेला. पश्चिमेत डिकन ही धर्मगुरू होण्याआधीची एक पायरी उरली, काही महिने थांबायची.

मधल्या हजार वर्षांत अपवाद अगदी थोडे, पण त्यातला एक फार मोठा आहे. असिसीचा फ्रान्सिस धर्मगुरू कधी झालाच नाही. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्याने गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाण मांडली, तेव्हा त्याने डिकनाचा पोशाख घालून शुभवर्तमान गायल्याचं त्याचा चरित्रकार सांगतो. आज वसईपासून गोव्यापर्यंत पोरं डिसेंबरात जे गोठे बांधतात, त्या परंपरेच्या मुळाशी एक डिकन उभा आहे.

आपल्या बाजूला या काळात काय होतं? सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कोस्मास सांगतो, की कल्याणला इराणहून नेमलेला बिशप आहे आणि सिंहलद्वीपात इराणी ख्रिस्त्यांचं चर्च, एक धर्मगुरू आणि एक डिकन आहे. हे कल्याण म्हणजे आपलंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बिशप असेल तर त्याचे डिकनही असणार, पण कोस्मास त्यावर गप्प आहे, तेव्हा मीही गप्प. केरळात संत थॉमसच्या ख्रिस्त्यांचा पुढारी ‘अर्कदियाकोन’, म्हणजे डिकनांचा मुख्य, म्हणवला जाई. दीक्षेने तो धर्मगुरू असे, आणि अधिकार जवळपास संस्थानिकाचे. गोव्याहून आलेल्या पोर्तुगीज सत्तेशी त्याचं जमलं नाही आणि १६५३ च्या जानेवारीत मट्टनचेरीला कूनन क्रूसाची शपथ घेऊन लोक त्याच्या पाठीशी उभे राहिले. बायबलातल्या पळीपासून हे फार दूर आलं.

पळीचं काम पोर्तुगीज मुलखात भलत्याच लोकांनी उचललं होतं. लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोरने मिसेरिकोर्दिया नावाचा बंधुसंघ स्थापला. पुढे गोव्यात आणि वसईच्या किल्ल्यातही त्याच्या शाखा निघाल्या. कैद्यांना जेवण, अनाथ मुलींची लग्नं, विधवांना मदत, बेवारस मढ्यांचं दफन. यातले बहुतेक सभासद साधे संसारी पुरुष होते. अंगावर स्टोल नव्हती, पण काम लॉरेन्सचं. त्याच काळात, १५६३ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिकनांसकट सगळ्या खालच्या पदांची खरी कामं पुन्हा सुरू करावीत असा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. चारशे वर्षं! सरकारी कार्यालयांना उगाच नावं ठेवतात लोक.

कागदावरून तो उतरला तुरुंगात. नाझींनी दाखाउच्या छळछावणीत अडीच हजारांहून अधिक धर्मगुरू व धर्मसेवक डांबले होते, बरेचसे २६ नंबरच्या बराकीत आणि आसपास. उपासमार, टायफस आणि मरणाची रांग यांच्यामध्ये त्यांनी एक प्रश्न चर्चेला घेतला: लोक चर्चपासून इतके तुटले कसे? ओट्टो पीस हे येशूसंघीय आणि विल्हेल्म शामोनी नावाचे धर्मगुरू त्या चर्चेत होते. संसार करणारे, नोकरीधंद्यातले पुरुष डिकन व्हावेत, हा विचार तिथे पक्का होत गेला. पीस यांनी १९४७ मध्ये त्यावर लेख लिहिला. शामोनींनी छावणीतच टिपणं काढली होती, १९५३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

त्याच छावणीत कार्ल लाइसनर होता. २५ मार्च १९३९ ला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी त्याला डिकन केलं. काही महिन्यांत धर्मगुरू व्हायचा. पण क्षय निघाला आणि त्याला आरोग्यधामात पाठवलं. नोव्हेंबरात हिटलर बॉम्बहल्ल्यातून वाचल्याची बातमी आली, तेव्हा हा हळहळला, कोणीतरी चुगली केली, आणि अटक झाली. पाच वर्षं तो डिकन म्हणूनच छावण्यांत राहिला. चोरून आणलेलं कम्युनियन मरणाऱ्यांना देत असे. १९४४ च्या शरदात क्लेर्मों-फेराँचे फ्रेंच बिशप पिगे कैदी म्हणून दाखाउला आले. योसेफा माक नावाची तरुण मुलगी छावणीच्या मळ्यातल्या विक्रीकेंद्रावर रोपं घ्यायला येई. तिने म्युनिकहून परवानगीचं पत्र आणि पवित्र तेल आत पोहोचवलं. कैद्यांनी बिशपसाठी लाकडी दंड कोरला. १७ डिसेंबरला फ्रेंच कैद्याच्या हातून जर्मन कैद्याला गुरुदीक्षा मिळाली. लाइसनर इतका खंगला होता, की त्याने आयुष्यात एकच मिस्सा अर्पण केली, तीही नऊ दिवसांनी, २६ डिसेंबरला. तो दिवस संत स्तेफनचा. १२ ऑगस्ट १९४५ ला, सुटकेनंतर तीन महिन्यांनी, तो वारला. लोक त्याला दाखाउमध्ये दीक्षा मिळालेला धर्मगुरू म्हणून ओळखतात. मी त्याला पाच वर्षांचा डिकन म्हणून धरतो.

यानंतरचं भराभर झालं. १९५१ मध्ये फ्रायबुर्गला हान्नेस क्रामर या तरुणाने, समाजकार्याचं शिक्षण घेताना, डिकन होऊ पाहणाऱ्यांचं पहिलं मंडळ काढलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ३० ऑक्टोबर १९६३ ला कौल घेतला: बाजूने १५८८, विरुद्ध ५२५. विरोध लहान नव्हता. विवाहित डिकन म्हणजे धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याला खिंडार, ही भीती होती. २१ नोव्हेंबर १९६४ ला ‘लुमेन जेन्शियम’ हा दस्तऐवज जाहीर झाला आणि त्याच्या २९व्या कलमाने आम्हाला पुन्हा दार उघडलं. त्यानंतर अकराव्या दिवशी, २ डिसेंबरला, सही करणारे पोप सहावे पॉल मुंबईला उतरले, आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेससाठी. ओव्हलवर लोटलेल्या गर्दीत मीही होतो, वडिलांच्या खांद्यावर. आठवतात ती माणसांची डोकी. जाताना पोपनी आपल्यासाठी आलेली लिंकन गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली, मदरनी तिची सोडत काढली आणि पैसा शांतीनगरच्या कुष्ठरोग्यांकडे गेला. डिकनपदाबद्दल त्या दिवसांत मुंबईत कोणी बोलल्याचं मी घरात कधी ऐकलं नाही. पण गाडीची गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती घरात माहीत होती, आणि लॉरेन्सचा धडा त्यातच होता.

१८ जून १९६७ च्या आदेशाने नियम ठरले. २८ एप्रिल १९६८ ला कोलोनमध्ये पहिल्या पाच जणांना दीक्षा मिळाली. आज जगभरात आम्ही सुमारे ५० हजार आहोत. सगळ्यात जास्त अमेरिकेत, आशियात अगदी थोडके. आपल्याकडे धर्मगुरूंची तशी चणचण नाही, म्हणून बिशपांना घाई नसते. शिवाय बिनपगारी पद, नोकरी आणि घर सांभाळून तीन वर्षांचं तरी शिक्षण; पन्नाशीच्या आत कोणाला परवडतं? माझी तक्रार वेगळीच आहे. नवे उमेदवार वेदीवर कुठे उभं राहायचं, कटोरा कधी उचलायचा, डालमॅटिक कुठून शिवायचा, हे आधी विचारतात. नायसियाचा अठरावा नियम अजून जुना झालेला नाही. मी त्यांना आधी विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मदतनिधीच्या कपाटापाशी नेतो: रेशनच्या पावत्या, शाळेच्या फिया, औषधांची बिलं, शववाहिनीचं भाडं. आमच्याही यादीत निम्म्याहून अधिक नावं विधवांचीच आहेत.

विवाहित उमेदवाराचं वय ३५ पूर्ण हवं आणि बायकोची संमती हवी, असा कायदा आहे. बायको गेली तर दुसरं लग्न करता येत नाही, हेही आधीच सांगतात. संमतीचा कागद मी घरी आणला तेव्हा आमच्या हिने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

‘पगार?’

‘नाही.’

‘आणि मी गेले तर तुम्ही एकटेच?’

‘एकटाच.’

‘ते ठीक आहे, तसंही कोण देणार आहे तुम्हाला,’ ती म्हणाली आणि सही केली. ‘पण लोकांचे पैसे हातात येणार असतील तर वह्या मी तपासणार.’

ती शाळेत गणित शिकवायची. मदतनिधीच्या वहीत दर महिनाअखेर माझ्या सहीशेजारी तिची सही असते, आणि गेल्या ऑगस्टातला औषधांच्या बिलांचा चाळीस रुपयांचा फरक तिला अजून मान्य नाही.